खुर्ची कुणाच्या मापाची?

चष्मा घ्यायला दुकानात जातो तेव्हा आपण काय करतो? आधी डोळे तपासून घेतो. डाव्या डोळ्याचा नंबर वेगळा, उजव्याचा वेगळा, हे आपल्याला माहीत असते. मग फ्रेम नाकावर बसते की घसरते ते आरशात पाहतो. घरी आल्यावर चार दिवस डोके दुखले तर चष्मेवाल्याकडे परत जाऊन त्याच्याशी हुज्जत घालतो. समजा, कुणी दानशूर गृहस्थाने गावात एकाच नंबरचे दोनशे चष्मे आणून वाटले, तर लोक त्याला वेड्यात काढतील. पण चाकाची खुर्ची, कुबड्या, वॉकर, श्रवणयंत्र या वस्तूंच्या बाबतीत आपण वर्षानुवर्षे जवळपास हेच करीत आलो आहोत. त्याबद्दल कुणी कुणाला वेड्यात काढीत नाही. उलट दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात हारतुऱ्यांसह फोटो येतो.

चष्मा हेदेखील अपंगत्वावर मात करणारे साधनच आहे. ते इतके सर्रास झाले आहे की चष्मा लावणाऱ्याला आपण अपंग म्हणत नाही, एवढेच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ साली या विषयावर एक जागतिक अहवाल काढला. जगातल्या अडीचशे कोटींहून अधिक माणसांना असे एक ना एक साधन लागते आणि त्यांतल्या जवळजवळ शंभर कोटींना ते मिळत नाही, असे त्यात म्हटले आहे. आपल्या २०११च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या. एकट्या महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक. त्या वेळचा कायदा १९९५ सालचा होता आणि तो सातच प्रकारचे अपंगत्व मानीत असे. २०१६च्या नव्या कायद्याने ही संख्या एकवीसवर नेली. शिवाय म्हातारपणी गुडघे, कान आणि डोळे प्रत्येकाचेच थकतात. तेव्हा हा विषय 'त्यांचा' आहे, अशा समजुतीत राहण्यात अर्थ नाही.

म्हैस आणि गवत

माझे उभे आयुष्य बँकेत गेले. १९८०नंतरच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटण्याचे काम आमच्याकडे असे. २ ऑक्टोबर १९८० पासून हा कार्यक्रम देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला आणि १९९९ साली स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन होईपर्यंत चालला. कागदावर योजना चांगली होती. गरीब कुटुंबाला उत्पन्नाचे साधन द्यायचे, त्यात काही भाग अनुदान आणि उरलेले कर्ज. पण साधन कोणते, हे बहुतेक वेळा वरून ठरून येई. म्हशींचे उद्दिष्ट आले की म्हशी. मग कर्जमेळावा भरे, मंडप पडे, भाषणे होत आणि म्हशींचे दावे लाभार्थींच्या हाती दिले जाई. ज्या घरी गवत होते, पाणी होते आणि दूध घेणारे गिऱ्हाईक होते, तिथे ती म्हैस उभी राहिली. इतर ठिकाणी ती वर्षाच्या आत विकली गेली. दोष म्हशीचा नव्हता आणि माणसाचाही नव्हता. 'तुझ्याकडे गवत आहे का?' हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

साधनवाटपाचे मेळावे पाहिले की मला त्या म्हशी आठवतात. अमेरिकेत बेट्सी फिलिप्स आणि हाँगशिन झाओ या दोघांनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. निरनिराळ्या प्रकारचे अपंगत्व असलेल्या २२७ प्रौढ माणसांना त्यांनी विचारले, की तुम्ही घेतलेली साधने वापरता का? उत्तर असे आले, की २९.३ टक्के साधने पूर्णपणे टाकून दिलेली होती. कारणे चार निघाली. निवड करताना वापरणाऱ्याचे मत विचारले नव्हते. साधन फार सहज हाती आले होते. ते नीट चालत नव्हते. आणि काळाबरोबर माणसाची गरज बदलली होती. यातले दुसरे कारण वाचून मी क्षणभर थांबलो. सहज मिळणे हा दोष कसा? पण बँकेतला माणूस ते चटकन समजू शकतो. जे विचारपूस न करता मिळते, ते तपासणी न होता मिळालेले असते.

अमेरिकेत साधनविक्रेते होते, डॉक्टर होते, विमा होता. तिथे ही गत. आपल्याकडे असा हिशेब कुणी मांडला तर काय निघेल, याचा अंदाज ज्याने त्याने आपापल्या घरच्या माळ्यावर नजर टाकून करावा.

उंबरठ्याअलीकडची खुर्ची

निवृत्तीनंतर मी धामापूरला राहतो. आमच्या वाडीतल्या एका काकींना चार वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. मुलगा मुंबईला, मातृभक्त. त्याने तिथल्या एका दुकानातून चांगली भारी, चकचकीत चाकाची खुर्ची घेऊन गाडीने पाठवली. खुर्चीची रुंदी सव्वीस इंच आणि माजघराच्या दरवाजाची चोवीस. वर उंबरठा, आणि पडवीतून अंगणात उतरायला चिऱ्याच्या तीन पायऱ्या. खुर्ची पडवीतच राहिली. पावसाळ्यात तिच्यावर सुपाऱ्या वाळत घातलेल्या मी पाहिल्या आहेत. काकी माजघरात खाटेवर आणि खुर्ची पडवीत, असा सहा महिने संसार चालला.

मग कुडाळहून एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. तिने सगळ्यांत आधी काकींनाच विचारले, की तुम्हाला काय करावेसे वाटते? काकी म्हणाल्या, "माका खुर्ची नको गो बाय. माका माझ्या पायान न्हाणीत जावक व्हया. सून किती दिवस करतली?" त्या मुलीने टेप काढली आणि खाटेपासून न्हाणीपर्यंतचे अंतर मोजले. भिंतीला दोन ठिकाणी धरायला दांडे बसवून घेतले. खाटेखाली लाकडी ठोकळे घालून तिची उंची वाढवली, म्हणजे उठताना जोर कमी लागतो. चार पायांची काठी आणली आणि ती डाव्या, धडधाकट हातात दिली. न्हाणीत बसायला भोकाची खुर्ची ठेवली. सगळा खर्च त्या चकचकीत खुर्चीच्या निम्म्याहून कमी आला. तीन महिन्यांनी काकी, सुनेचा हात जवळ असला तरी तो न धरता, न्हाणीपर्यंत जाऊ लागल्या.

ही गोष्ट यशाची म्हणून मी सांगत नाही. काकींना अजून अंगणात उतरता येत नाही. सांगायचा मुद्दा असा की प्रश्न 'कोणती खुर्ची घ्यावी' असा नव्हताच. 'या बाईला कुठे जायचे आहे आणि वाटेत काय आहे' असा होता.

आणि आमच्याकडची वाट म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे. घर उंचावर, रस्ता खाली, मधे जांभ्याची पायवाट किंवा पायऱ्यांची पाखाडी. जूनमध्ये अंगण चिखलाचे आणि ऑक्टोबरनंतर सारवलेले. मळ्यात जायचे तर मेरेवरून. आमचा धामापूरचा तलाव १५३० सालचा सांगतात. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. इतकी वर्षे तो टिकला, कारण बांध घालणाऱ्यांनी आधी डोंगराचा उतार आणि पाण्याची वाट पाहिली असणार. तलावाला जो न्याय, तो माणसाला का असू नये?

माप कसे घ्यावे

आपण ज्याला चाकाची खुर्ची म्हणतो, तिचा घडीचा अवतार १९३३ सालचा आहे. हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाणीतल्या अपघातात पाठीचा कणा मोडलेला अमेरिकन अभियंता. त्याला आपली खुर्ची मोटारीत ठेवता येईना, म्हणून त्याने आपला अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज याच्या मदतीने घडीची खुर्ची बनवली. म्हणजे ती ज्याला बसायचे होते त्याच्याच गरजेतून जन्मली. पण पुढे तीच सगळ्यांच्या माथी एका मापाने मारली गेली. इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीवर, मागून कुणीतरी ढकलणार हे गृहीत धरून बनवलेली खुर्ची आमच्या जांभ्याच्या खड्यांवर पुढच्या लहान चाकांशी अडते आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. राल्फ हॉचकिस हा दुसरा अमेरिकन अभियंता १९६६ सालच्या मोटारसायकल अपघातानंतर स्वतः खुर्चीवर आला. खडबडीत वाटांसाठी पुढची चाके रुंद आणि जास्त पुढे असलेली खुर्ची, गावातल्या कारागिराला दुरुस्त करता येईल अशा सामानातून, त्याने बनवली. आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीत या विषयावर चांगले काम झाले आहे. तिथल्या संशोधनातून २०२० साली व्यक्तीच्या मापाने जुळवून घेता येणारी 'निओफ्लाय' खुर्ची आणि तिला पुढे जोडून रस्त्यावर चालवता येणारे 'निओबोल्ट' हे मोटारीचे जोडसाधन बाहेर आले.

खुर्ची साधी असो की भारी, काही मापे घरच्या घरी घेता येतात. बसलेल्या माणसाच्या नितंबांची रुंदी मोजावी आणि दोन्ही बाजूंना मिळून इंचभर जागा सोडावी. बैठक फार रुंद झाली तर माणूस एका अंगाला कलतो आणि चाकापर्यंत हात नीट पोचत नाहीत. बैठकीची खोली अशी हवी की गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा राहील. जास्त खोल झाली तर कड पोटरीला रुतते. पावले टेकवायची पट्टी इतकी वर असावी की मांड्या बैठकीवर सपाट टेकतील. ज्यांच्या कमरेखाली संवेदना नाही, त्यांना चांगली गादी ही चैन नसून औषध आहे. एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा त्यांना दुखत नाहीत, म्हणून कळत नाहीत, आणि त्या जिवावर बेततात. दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन अंग उचलायची सवय त्यांना लावावी लागते.

काठीचे माप त्याहून सोपे. माणूस चपला घालून सरळ उभा राहिला आणि हात मोकळा सोडला, की मनगटाच्या घडीपाशी मूठ आली पाहिजे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. आपल्याकडे निम्मे लोक उलटी धरतात. काखेतल्या कुबडीचा वरचा भाग काखेपासून दोन-तीन बोटे खाली हवा आणि भार तळहातांवर हवा. काखेवर भार टाकला तर तिथली नस दबून हात लुळा पडू शकतो. आणि उतार? एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा सर्वमान्य हिशेब. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांना अठरा फुटांचा उतार लागतो. तीन फुटांची फळी टाकून भागवणारी माणसे आईला उलटी पाडायची तयारी करीत असतात.

अनवाणी पायाची गोष्ट

माणूस आणि त्याची जमीन पाहून साधन कसे घडवावे, याचा आपल्या देशातला उत्तम दाखला म्हणजे जयपूर फूट. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी हा पाय घडवला. त्याआधीचे कृत्रिम पाय विलायती पद्धतीचे. त्यांवर बूट चढवावा लागे. आपला शेतकरी अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, चिखलात उतरतो. त्या पायांनी यातले काहीच जमत नसे, म्हणून लोक ते घरी ठेवून कुबड्यांवर परत जात. जयपूरचा पाय रबराचा, दिसायला पायासारखा, भिजला तरी चालणारा, घोट्यात वळणारा. तो घालून माणसे शेतात उतरली, झाडावर चढली. सुधा चंद्रन तर नाचल्या. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शाळा बेताचीच झालेल्या कारागिराचा हात आणि शल्यविशारदाची विद्या यांचे ते लग्न होते, आणि त्याला साक्षीला होता तो पाय वापरणारा रुग्ण.

कानाच्या बाबतीत आपण सर्वांत निष्काळजी. जाहिरात पाहून आवाज मोठा करणारे यंत्र मागवायचे, आजोबांच्या कानात घालायचे आणि आठ दिवसांत ते डबीत पडले की 'आजोबांना सवयच नाही' म्हणायचे. श्रवणयंत्र हे चष्म्यासारखेच नंबराचे असते. कोणत्या पट्टीतला आवाज किती कमी ऐकू येतो याचा आलेख काढून ते जुळवावे लागते. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे लागतात. तोवर भांड्यांचा खणखणाट डोक्यात जातो. त्या दिवसांत घरच्यांनी धीर द्यायचा असतो. आमच्या दमट हवेत यंत्र रात्री ओल शोषणाऱ्या पुडीसह डबीत ठेवावे लागते आणि त्याच्या सेलचा खर्च कायमचा असतो, हेही आधी कळलेले बरे.

अंधांच्या बाबतीत मात्र जमाना खरोखर बदलला. पांढरी काठी आजही लागतेच, आणि ती कशी फिरवायची हे शिकावे लागते. पण ज्यासाठी पूर्वी महागडे यंत्र लागे, ते वाचून दाखवण्याचे काम आता साधा मोबाइल करतो, मराठीतही करतो. संगणकासाठी 'एनव्हीडीए' हा वाचक कार्यक्रम २००६ पासून फुकट उपलब्ध आहे. तो दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी सुरू केला. तेव्हा काही विकत घेण्याआधी हातात आहे त्या फोनमध्ये काय आहे, ते पाहावे.

पैसा आणि प्रश्न

सरकार काही करीत नाही, असे म्हणता येणार नाही. साधने बनवणारा कानपूरचा सरकारी निगम १९७२ सालचा, साधनांसाठी साहाय्याची केंद्राची योजना १९८१ची, ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ची. राज्याने २०२२ साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र खाते काढले. २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील गरजूंच्या खात्यात एकरकमी ३००० रुपये द्यायचे ठरवले. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. त्यातून कुणाच्या अंगणाचा उतार किंवा न्हाणीतले दांडे होऊ शकतात, हे आपल्यातल्या किती जणांनी ग्रामसभेत विचारले?

कानपूरच्या निगमाच्या शिबिरांत आधी तपासणी आणि मग वाटप, असे दोन टप्पे असतात, हेही मान्य. उणीव आहे ती तिसऱ्या टप्प्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली खुर्ची देण्याच्या कामाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत खुर्ची हाती येणे मधेच कुठेतरी आहे. त्यानंतर मापाला बसवणे, वापर शिकवणे आणि पुन्हा येऊन पाहणे आहे. बँकेतही कर्ज दिल्यावर तीन महिन्यांनी शाखाधिकाऱ्याने जाऊन पाहायचे असते. जो जातो त्याची कर्जे बुडत नाहीत, हा माझा अनुभव आहे. वाटपाला मंत्री येतात. तीन महिन्यांनी निदान आरोग्यसेविकेने तरी यावे.

आपण घरच्यांनी काय करावे? पैसे काढण्याआधी काही प्रश्न विचारावेत. जो वापरणार, त्याला नेमके काय करायचे आहे? ते तो वापरील कुठे. दरवाजा, उंबरठा, न्हाणी, वाट मोजली का? आठ दिवस वापरून पाहायला मिळेल का? बिघडले तर कुडाळ-मालवणात दुरुस्त होईल का, की मुंबईला पाठवावे लागेल? खाऱ्या हवेत लोखंडी नळी किती टिकेल? आणि पहिल्या किमतीखेरीज वर्षाला खर्च किती? टायर, सेल, गादी हे सगळे त्या वस्तूचे व्याज आहे, ते विसरू नये.

आणखी एक, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. ते साधन आधीपासून वापरणाऱ्या माणसाला जाऊन भेटावे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखाली पंगू झाल्या. त्यांना उमेद दिली ती स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांनी. पुढे नसीमाताईंनी नोकरी केली, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि आमच्या सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यात अपंगांना रोजगार मिळावा म्हणून काजू प्रक्रिया केंद्रही उभारायला घेतले. त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'चाकाची खुर्ची' असेच आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाला खुर्चीबद्दल जे कळते, ते विकणाऱ्याला आणि डॉक्टरलाही कळत नाही.

दिवाळीला, मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. येताना आई-वडिलांसाठी काही आणावे, असे त्यांना मनापासून वाटते. त्यांना एवढीच विनंती की या खेपेस वस्तू आणू नका. एक टेप आणा, दोन दिवस घरात त्यांच्या मागेमागे हिंडा, ते कुठे थांबतात आणि कशाला धरतात ते पाहा. मग त्यांनाच विचारा, काय हवे. खरेदीला नंतर पुष्कळ वेळ आहे.